दोनशे बारा चिठ्ठ्या

या, टेका जरा. खुर्ची डुगडुगते, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही तिनं. एक चोरीची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, चोऱ्या ऐकून कान किटले. पण हिच्यात चोर सापडला तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो पकडणाऱ्यालाच. तीन दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. ऐका म्हणजे कळेल.

१

पकडणारा पोलीस नव्हता, बाइंडर होता. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवत आलेला, पण स्वतः चौथीनंतर शाळेकडं फिरकला नव्हता. बायको टोमणा मारायची की हाताखालून गेलेली पुस्तकं वाचली असतीत तर प्रोफेसर झाला असतात. तो म्हणायचा, मी वाचत बसलो असतो तर शिवली कुणी असती?

तर शनिवारी सकाळी नऊ वाजता त्यानं शिकंज्याचं चाक फिरवलं. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि वर लोखंडी चाक. ओला कागद त्यात दाबून ठेवायचा, मग तो सपाट वाळतो. समोर धाकटी उभी होती. दोघी बहिणींतली धाकटी, म्हणून सगळे तिला तेवढंच म्हणत.

दोघी बहिणी अकरा वर्षं एका पंथात होत्या. आतले लोक त्याला 'सावली' म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला 'मोठे'. काय खायचं, कधी झोपायचं, आईला पत्र लिहायचं की नाही, सगळं मोठे ठरवणार. पाच वर्षांपूर्वी दोघी बाहेर पडल्या. पहिलं वर्षभर धाकटी नळाचं पाणी प्यायच्या आधी कुणाला तरी विचारायची, पिऊ का. दवाखान्यातल्या नर्सबाई दर गुरुवारी अशा बाहेर पडलेल्यांना घेऊन बसायच्या. तिथं ती आधी नुसती बसायला शिकली, मग मान हलवायला आणि मग बोलायला.

आणि आज दुपारी तीनला ती चौकशी समितीपुढं बोलणार होती. सावलीत चाळीस दिवस तिला बिनखिडकीच्या खोलीत कोंडलं होतं, हे सांगणार होती. मोठ्यांचं म्हणणं, अशी खोलीच नाही.

पुरावा होता तो चिठ्ठ्यांचा. सावलीत प्रत्येकामागं एक 'आरसा' लावलेला असायचा. म्हणजे आतलंच एक माणूस. त्यानं तुमच्यावर नजर ठेवायची आणि रोज संध्याकाळी तुमचे दोष चिठ्ठीवर लिहून मोठ्यांकडं द्यायचे. आपला आरसा कोण, हे कुणालाच ठाऊक नसायचं. चिठ्ठी लिहायची डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. शिवाय डाव्यानं केलेलं आपल्याला लागत नाही, अशी तिथली शिकवण. धाकटीवर लिहिलेल्या दोनशे बारा चिठ्ठ्या एका पळालेल्या कारकुनानं कपाटातून काढून तिला आणून दिल्या होत्या.

मागं दोनदा तक्रार केली, दोनदा सुटे कागद कचेरीत 'गहाळ' झाले. म्हणून या खेपेला ती बाइंडरकडं आली. म्हणाली, असं शिवून द्या काका, की पान उपटलं तर पुस्तक बोंबललं पाहिजे.

तिचा लेखी जबाब शिवून तयार होता. चिठ्ठ्या जुन्या, विरलेल्या, म्हणून शुक्रवारी सकाळी दहाला त्यानं त्या पातळ कागदावर सरसानं चिकटवून शिकंज्यात ठेवल्या होत्या. आता त्यानं वरची फळी उचलली.

वरची चिठ्ठी कोरी होती. दुसरीही कोरी. त्यानं अख्खा गठ्ठा पत्त्यांसारखा चाळला. सगळे कोरे कागद, त्याच मापाचे.

धाकटी ओरडली नाही. भिंतीला पाठ टेकून खाली बसली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि हळूच विचारलं,

"काका, माझं काय चुकलं?"

चोरी झाली त्याच्या दुकानात, आणि ही आपली चूक शोधतेय.

२

कुलूप शाबूत होतं, किल्ली त्याच्या कमरेला होती. म्हणजे जे झालं ते शुक्रवारी दिवसाउजेडी, दुकान उघडं असताना. शुक्रवारी तिघं जण येऊन गेले होते आणि काय बुद्धी झाली देव जाणे, तिघांनाही तो दुकानात एकटं सोडून गेला होता.

ड्रायव्हर आला तेव्हा बाइंडर वर जेवायला गेला होता. या ड्रायव्हरनं सोळा वर्षं सावलीची बस चालवलेली. त्याला विचारायचं होतं की आपलीही दोन पानं या पुस्तकात घालता येतील का. मग नर्सबाई आल्या. तेवढ्यात रस्त्यावर कागदाची गाडी आली, तो रिमं उतरवून घ्यायला गेला. संध्याकाळी आली थोरली, धाकटीची बहीण, कव्हरसाठी निळं कापड घेऊन. तेव्हा तो कोपऱ्यावर दोरा आणायला गेला होता.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर धाकटी नको म्हणाली. समितीनं कळवलं होतं, ही शेवटची तारीख, पुरावा नसेल तर प्रकरण कायमचं बंद. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती. चिठ्ठ्या खऱ्या आहेत का ते बघायला समिती त्याच दुपारी सावलीतून बाहेर पडलेल्या सगळ्यांकडून डाव्या हातानं दोन ओळी लिहून घेणार होती.

सहा तास हातात होते. बाइंडरनं धाकटीला वर बायकोकडं पाठवलं आणि एक कोरा कागद उजेडात धरला. वाचता त्याला अडखळत यायचं, पण कागद त्याच्याशी बोलायचा. कागद कात्रीनं कापलेला, आणि कड बघा तर चावल्यासारखी, उंदरानं कुरतडावी तशी. कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. ती डाव्यात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कागद कापला न जाता चिरडला जातो. दोनशे कागदांच्या आठशे कडा, सगळ्या चिरडलेल्या.

चोरानं कात्री डाव्या हातात धरली होती.

तिघांत डावखुरं माणूस एकच होतं. जिच्यासमोर बसून धाकटी बोलायला शिकली, ती नर्सबाई.

३

दवाखान्यात नर्सबाई एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला पट्टी बांधत होत्या. म्हातारा कुरकुरत होता, बाई त्याला म्हणत होत्या की एवढा आवाज लग्नात काढला असतात तर आज सुखी असतात. बाइंडर दारात उभा राहून त्यांच्या डाव्या हाताकडं बघत राहिला.

म्हातारा गेल्यावर त्यानं चोरीचं सांगितलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग पहिला प्रश्न, ती कुठं आहे, तिच्याजवळ कोण आहे.

बाइंडरनं खिशातून कागद काढला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "बाई, हा जरा कापून दाखवता?"

त्यांनी त्याच्याकडं बघितलं. समजल्या. रागावल्या नाहीत. ट्रेमधली साधी कात्री डाव्या हातात घेतली आणि सरळ रेषेत कागद दुभागला. कड सुरीनं कापावी तशी स्वच्छ.

"पन्नास वर्षं उजव्यांच्या कात्र्या वापरतेय मी," त्या म्हणाल्या. "पातं उलटं रेटायचं असतं. डावखुरं माणूस पाचव्या वर्षी शिकतं ते."

म्हणजे ज्यानं कापलं त्याचा डावा हात कात्रीला मुळीच सरावलेला नव्हता. जन्माचा उजवाच माणूस, पण हे एक काम त्यानं डाव्यानं केलं.

कुणाला सुचेल असलं? बाइंडरला एकच उत्तर सुचत होतं. ज्याला वर्षानुवर्षं शिकवलंय की लपवायचं काम डाव्यानं करायचं, त्याला. हा चोर कधीतरी कुणाचा तरी आरसा होता. आणि आज दुपारी डाव्या हातानं लिहायला तो घाबरत होता.

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, आधी जा, माफी गुरुवारी मागा.

४

ड्रायव्हर आता शाळेची बस चालवायचा. बाइंडर पोचला तेव्हा तो चाकांवर पाणी मारत होता. "काय शेठ, आज सायकलीला घोड्याचं बळ आलंय," म्हणाला. मग चेहरा बघून पाइप खाली टाकला.

चिठ्ठ्या गेल्या म्हटल्यावर तो नळ बंद करायचंही विसरला. पाणी त्याच्या चपलेवरून वाहत होतं, त्याला पत्ता नव्हता. बाइंडरनं आडवळण घेतलं नाही, सरळ विचारलं की तू कुणाचा आरसा होतास का.

ड्रायव्हरनं डावा हात पुढं केला. अंगठा नव्हता. जॅक घसरला आणि गेला, सावलीत भरती व्हायच्या आधीच. पेन धरता येत नाही म्हणून त्याला आरशाच्या कामातून सूट मिळाली होती. अंगठ्याशिवाय कात्री कोण धरणार?

"आणि मी का चोरीन, शेठ? माझी बायको अजून आत आहे. त्या खोल्या उघडल्या तरच ती मला दिसणार."

मग त्यानं पाइप उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाला, तुम्हाला एक सांगतो, बाहेर कुणाला बोललेलो नाही. आरसा म्हणून ते लांबचं माणूस लावतच नाहीत. लांबच्याला काय दिसणार? जे माणूस तुमच्या शेजारी झोपतं, तुमच्या ताटातलं खातं, तेच लावतात.

"माझा आरसा माझी बायको होती. मी निघालो त्या दिवशी तिनंच सांगितलं. वर म्हणाली, तुझ्या भल्यासाठी लिहीत होते."

बाइंडरनं सायकल वळवली, पण चार पॅडल मारून उतरला आणि भर रस्त्यात उभा राहिला. मागून लोक शिव्या घालत होते, त्याला ऐकू येत नव्हतं.

उरली होती थोरली. सकाळपासून त्यानं तिला हिशेबात धरलंच नव्हतं. एक तर सख्खी बहीण. वर ती शिवणकामवाली, अख्ख्या बाजारात तिच्यासारखी कात्री कुणाची चालत नव्हती. तिच्या हातून चिरडलेली कड? आणि ती तर नेहमी सांगायची, सावलीत मी फक्त स्वयंपाकघर सांभाळलं.

धाकटीच्या शेजारी अकरा वर्षं कोण झोपत होतं?

५

थोरलीच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. ती टेबलावर कापड कापत होती, उजव्या हातानं, पाण्यात नाव जावी तशी. बाइंडरनं कोरा कागद कापडावर ठेवला. कात्री मध्येच थांबली.

"चहा सांगू का, काका?" ती म्हणाली. नजर कागदावरच.

नको म्हणाला तो. त्यानं आवाज चढवला नाही, दार तेवढं लोटून घेतलं.

"ज्यानं हा कापला त्यानं कात्री डाव्यात धरली. नर्सबाईंचा डावा तयार आहे, तो असं चावत नाही. ड्रायव्हरला अंगठा नाही. राहिलीस तू. तुझा उजवा हात एवढा चालतो म्हणूनच मी तुला सकाळपासून सोडून देत होतो. आता तूच सांग पोरी, एवढा उजवा असताना डावा का वापरलास?"

शिवणयंत्राचं चाक आपल्याआप थोडं फिरलं आणि थांबलं.

"गुरुवारी रात्री इथंच बसले, चिठ्ठ्यांच्या मापाचे कोरे कागद कापायला. उजव्यानंच सुरुवात केली होती," ती शेवटी म्हणाली. "हात चालेना. मग डाव्यात घेतली आणि आपोआप होत गेलं. दोनशे कापले तेव्हा ध्यानात आलं की मी पुन्हा तेच करतेय."

बाइंडर खुर्ची न शोधताच कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

तिनं मग एका दमात सांगितलं. मोठ्यांनी तिला बोलावून म्हटलं होतं की तुझी बहीण वाट चुकतेय, तूच तिला वाचवू शकतेस. पहिली चिठ्ठी लिहिताना तिला उलटी झाली होती. शंभरावीला काही वाटलं नाही. त्यातलीच एक, धाकटीनं आईला चोरून पत्र लिहिलं त्याची. आई आजारी होती, पत्रात धाकटीनं मला घेऊन जा असं लिहिलं होतं. त्या चिठ्ठीवरून चाळीस दिवस. ती खोलीबाहेर आली तेव्हा आई जाऊन तीन आठवडे झाले होते.

"डाव्यानं केलेलं लागत नाही म्हणायचे," थोरली म्हणाली. "लागतं, काका. लागत राहतं."

चिठ्ठ्या? तिनं यंत्राखालचा खण ओढला. प्लास्टिकच्या पिशवीत विटेएवढा एक ठोकळा. सरस ओला असताना काढून घट्ट बांधलेल्या, सगळ्या एकमेकींना चिकटून दगड झालेल्या. वरची एकच चिठ्ठी वाचता येत होती. वाफेवर धरून एकेक सोडवायला त्याला चार दिवस लागले असते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

तो उठला. म्हणाला, कागद आता बोलायचे नाहीत. बोलू शकेल असं एकच माणूस राहिलंय. आणि तिला मी सांगणार नाही, ते तुलाच सांगावं लागेल.

६

समितीच्या कचेरीबाहेर लाकडी बाक होता. त्यावर धाकटी आणि बाइंडरची बायको. थोरली समोर जाऊन उभी राहिली, बसली नाही. ठोकळा तिनं बाकावर ठेवला.

"तुझा आरसा मी होते," ती म्हणाली.

बाइंडरच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. धाकटी मात्र हलली नाही. तिनं ठोकळ्याकडं बघितलं, मग बहिणीच्या हातांकडं, आधी उजव्या, मग डाव्या. शिपायानं तिला पुकारलं, तरी ती उठली नाही.

"आईच्या पत्राची?"

"तीही मीच."

धाकटी उठली. पदर नीट केला, ठोकळा उचलला, शिवलेलं पुस्तक छातीशी धरलं आणि बहिणीच्या बाजूनं, तिला धक्का न लावता, आत गेली.

आत लांब टेबलामागं तिघं बसले होते. एका बाजूला मोठ्यांचे वकील, इस्त्रीचे कपडे, शांत चेहरा. ठोकळा बघून वकील हसले. म्हणाले, हा पुरावा आहे की पायरीचा दगड? अध्यक्षांनी धाकटीला विचारलं की चिठ्ठ्या वाचता येत नसतील तर तुमच्याजवळ दुसरं काय आहे.

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. बाइंडर दाराशी उभा होता, त्याला वाटलं आता ही खाली बसणार, हात पालथे ठेवणार आणि माझं काय चुकलं विचारणार. पण तिनं टेबलाची कड धरली.

"मला कोंडायला लावणारी चिठ्ठी जिनं लिहिली, ती बाहेर उभी आहे. माझी सख्खी बहीण आहे. तिला आत बोलवा. आणि ती बोलेपर्यंत मी इथून हलणार नाही."

वकिलांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं.

थोरली आत आली. सगळं बोलली. अध्यक्ष म्हणाले, चिठ्ठी तुम्हीच लिहिलीत कशावरून? तिनं समोरचं पेन डाव्या हातात घेतलं आणि ठोकळ्यावरच्या चिठ्ठीतला मजकूर न बघता, पाठ असल्यासारखा, कागदावर उतरवला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीच वाकडी अक्षरं, ओळही तशीच उजवीकडं खाली घसरत गेलेली. मग कुणी न विचारता तिनं त्या खोलीचा नकाशा काढला, दाराची कडी कुठं, दिवा कुठं. जेवण नेऊन ठेवणारीही तीच होती. दाराबाहेर ताट ठेवायची आणि एक शब्द न बोलता परत फिरायची.

हे धाकटीला ठाऊक नव्हतं. तिनं त्या वेळी एकदाच डोळे मिटले.

७

सोमवारी समितीची माणसं सावलीत शिरली. खोली होती तिथंच होती, नुसतं दारासमोर कपाट सरकवलेलं. आणखी दोन तशाच सापडल्या, एकीत माणूस होतं. ड्रायव्हर सकाळपासून फाटकाशी बस लावून थांबला होता. त्याची बायको फाटकापर्यंत आली, त्याला बघितलं आणि मागं फिरली. तो अजून दर सोमवारी जातो.

बाइंडरनं चार दिवस वाफेवर धरून दोनशे बाराही चिठ्ठ्या सोडवल्या आणि जबाबाला शिवून दिल्या. त्यातली एकही त्यानं वाचली नाही. बायकोनं विचारलं, तेव्हा म्हणाला, ज्याच्यावर लिहिल्यात त्याचं ते आहे.

थोरली आता गुरुवारी नर्सबाईंकडं येते, पण वेगळ्या वेळेला. धाकटीनं घर बदललं. बहिणीशी ती बोलत नाही. कधी बोलेल, न बोलेल, तिचं तिला ठाऊक. बाकी ती झकास आहे. मोठ्यानं हसते, दुकानदाराशी भांडते, तहान लागली की उठून पाणी पिते. पण जो भेटतो तो तिला तेच सांगतो की अगं, रक्ताचं नातं आहे, तिनं कबूल केलं ना, टाक माफ करून. बाइंडरच्याही ओठावर एकदा ते आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, अकरा वर्षं मला कुणाबद्दल काय वाटावं हे दुसरेच सांगत होते." त्यानं जीभ चावली आणि सुईत दोरा ओवत बसला.

म्हणून तुमच्याकडं एकच मागणं आहे. असल्या ठिकाणाहून सुटून आलेलं कुणी तुमच्या शेजारी येऊन बसलं तर चहा विचारा, पंखा लावा, बोललं तर ऐका. पण माफ कर आणि विसरून जा, एवढं मात्र सांगू नका. ते ज्याचं त्याला ठरवू द्या.